फुलं कोण ठेवतं?

भुताच्या गोष्टीत मला भुतापेक्षा ती सांगणाऱ्या गावाचंच कुतूहल जास्त. इंग्लंडात डेव्हनमध्ये डार्टमूर नावाचं उघडंबोडकं माळरान आहे. तिथल्या हाउंड टॉर या खडकाळ टेकडीजवळ, रस्त्याच्या कडेला एक एकटी कबर आहे. जेज ग्रेव्ह, म्हणजे ‘जे’ आडनावाच्या पोरीची कबर. जवळपास चर्च नाही, दुसरी कबरही नाही. गवत उगवलेला छोटासा उंचवटा, भोवती ग्रॅनाइटचे दगड, आणि कधीही जा, वर फुलं.

गोष्ट सांगतात ती अशी. गरीबखान्यातून शेतावर कामाला आलेली एक अनाथ पोर. कुणी तिला किटी म्हणतं, कुणी मेरी, कुणी ॲन. बिचारीचं नावही धड उरलं नाही. तिला दिवस गेले, ज्याच्यामुळे गेले त्याने हात वर केले, आणि तिने गळफास घेतला. आत्महत्या केलेल्याला तेव्हा चर्चच्या आवारात जागा मिळत नसे. चव्हाट्यावर पुरायचे. आत्मा उठलाच तर चार वाटा बघून गोंधळेल, परत गावात यायचा नाही, असा हिशेब! ही चाल कायद्याने बंद केली ती १८२३ साली.

पुढे १८६०च्या सुमारास तिथे खणताना हाडं सापडली. आधी वाटलं, जनावराची असतील. निघाली तरुण बाईची. मग ती पेटीत ठेवून त्याच जागी नीट पुरली.

आता भूत. रात्री काळ्या झग्यातली एक आकृती कबरीपाशी गुडघे टेकून, मान खाली घालून बसलेली दिसते म्हणे. आपण धरून चालतो की ती तीच. पण काहीजण सांगतात, तो तिला फसवणारा पुरुष आहे, मेल्यावर राखणीला बसवलेला. मला ही आवृत्ती फार आवडते. जिवंतपणी त्याला कुणी जाब विचारल्याचं गोष्टीत कुठेच येत नाही. ती वसुली लोकांनी अशी केली.

राहिली फुलं. पिक्सी, म्हणजे तिकडची चिमुकली अद्भुत माणसं, ती ठेवतात असं कुणी म्हणतं. लेखिका बिॲट्रिस चेस गुपचूप ठेवते, अशीही वदंता होती. ती १९५५ साली गेली, फुलं काही थांबली नाहीत. हल्ली नाणी आणि शिंपलेही असतात. मला वाटतं, आधीच्याची फुलं सुकलेली बघून पुढचा वाटसरू कुंपणाकडची दोन रानफुलं तोडत असेल.