बाकाखाली हात

सिंगापूरच्या लिटल इंडिया मेट्रो स्टेशनवर बसण्याआधी मावशीनं बाकाखालून हात फिरवला. निवृत्त शिक्षिका, बाकांखालचे च्युइंग गम खरवडण्यात जन्म गेला. "अरे, काहीच चिकटलेलं नाही!"

मग हळूच, "चघळलं तर पकडतात?"

चघळायला नव्हे, विकायला नि बाहेरून आणायला बंदी आहे. १९९२ पासून. पोरं एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, दारांच्या सेन्सरवर गम चिकटवायची, गाड्या अडायच्या. २००४ पासून दातांसाठीचा किंवा सिगारेट सोडवणारा गम फार्मासिस्टकडे मिळतो.

"म्हणजे औषधच की!" मावशी खूश.

समोर सत्तरीचे एक काका मॉप मारत होते. सिंगापूरच्या स्वच्छतेचं श्रेय आपण लगेच दंडाला देऊन टाकतो. मीही पाहुण्यांना तेच ऐकवतो. या काकांचं नाव कुणी घेतं का?