चेरीचा देठ

मे सरत आला की चोइथराम मंडीतून काश्मीरची चेरी इंदूरच्या ठेल्यांवर उतरते. पेटीतला वरचा थर नेहमीच देखणा असतो, त्याला भुलू नये. देठ बघावा. हिरवा, लवचीक असेल तर तोड ताजी. तपकिरी काडी झाली असेल तर माल बरेच दिवस वाटेत होता. बिनदेठाची तर घेऊच नये. देठ उपटला की सालीला भोक पडतं, रस पाझरतो आणि बुरशीला आयतं दार मिळतं. (केकवरच्या लालभडक चेरीला हे नियम नाहीत, ती बहुधा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते.)

म्हणून तर तोडताना फळाला हातच लावत नाहीत. देठ बुडाशी चिमटीत धरायचा आणि वर मुरडायचा. हिसका दिला तर फळाबरोबर आखूड, गाठाळ फुटवाही निघून येतो, आणि पुढच्या वर्षीची फळं त्याच्यावरच धरायची असतात. तोड पिकल्यावरच करावी लागते, कारण चेरी काही अढीत पिकत नाही. आंबट तोडलेली आंबटच राहते.

आता आपली खोड. पिशवी घरात आली की फळं आधी नळाखाली! चेरीला ते सोसत नाही. साल पाणी पिते, देठाच्या खळग्यात पाणी साचतं, आणि फळ तडकतं तरी किंवा बुरशीला लागतं तरी. ऐन तोडीत पाऊस आला की बागवान याच धास्तीत असतो. तेव्हा न धुता, फुटकी-नासकी आधी वेचून काढावी. एक नासकी चार दिवसांत शेजारणींना बिघडवते. पसरट डब्यात कागद घालून दोन-तीन थर, त्याहून जास्त नाही, खालची चेपतात. डबा फ्रिजच्या दारात नको, मागच्या बाजूला हवा. चेरीला खरं तर ०° च्या आसपासचा गारवा हवा असतो. घरचा फ्रिज ४-५° वर, म्हणून आठवड्यात संपवलेली बरी. धुवायची ती खाण्याआधी, वाटीभरच.

उरलीच तर धुऊन, कोरडी करून, बिया काढून ताटलीत सुटी सुटी गोठवावी, मग पिशवीत भरावी. केसांच्या पिनेचा बाक देठाच्या जागी खुपसला की बी निघते. अंगावर जुना कपडा असू द्यावा. बियांसकट मिक्सर फिरवू नये, फुटलेल्या बीतून सायनाइड सुटतं.

बिया कुंडीत लावणारेही आहेत. ओल्या वाळूत घालून तीनेक महिने फ्रिजमध्ये ठेवल्या तर रुजतीलही. पण फळ धरायला हिवाळ्यात ७° खालचे हजाराच्या आसपास तास लागतात, आणि इंदुरात पौषातही दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. तरी लावायच्या तर लावा. कुंडी रिकामीच आहे ना?