मंडळाची राजगडवारी

आमच्या मंडळाचा गणेशोत्सव, हळदीकुंकू आणि कोजागरी हे कार्यक्रम चार मंडळांसारखेच होत असत; पण ऐन थंडीत निघणारी राजगडाची वार्षिक सहल ही मात्र खास आमची होती, आणि एरवी वर्गणीला टाळाटाळ करणारे सभासदही यादीत नाव लागावे म्हणून नेमके त्याच आठवड्यात थकबाकी चुकती करत.

गुंजवण्याहून चढून चोरदरवाजाने पद्मावती माचीवर आलो की तळ्याकाठी शिधा उतरे, देवीच्या देवळात पथाऱ्या पडत आणि सईबाईंच्या समाधीचे दर्शन घेऊन सगळे गड पाहायला निघत. आमच्यातले एक ज्येष्ठ सभासद बांधकामाचे ठेकेदार होते. आग्र्याहून सुटलेले महाराज 1666 साली याच गडावर परतले, 1670 मध्ये राजारामांचा जन्म येथेच झाला, एवढे सांगून ते इतिहास आटोपता घेत आणि पडक्या वाड्याच्या जोत्यावर मुलांना बसवून विचारत, ‘‘छपराचे पाणी कुठून जात असेल, सांगा बघू.’’ मग मुले गवत बाजूला सारून दगडी पन्हळ शोधत, खांबांच्या तळखड्यांवरून खण मोजत, आणि पाली दरवाजात अडसर सरकवण्याच्या खोबणीत कोपरापर्यंत हात घालून पाहत. उघड्या चौथऱ्यांवर आम्हांला घर दिसू लागले ते त्यांच्यामुळे. व्याख्यात्यांच्या वीरश्रीपूर्ण भाषणांनी ते कधी साधले नव्हते, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

संजीवनी माचीवर ते अधिक खुलत. तेथील तटबंदी दुहेरी आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला उभा राहावा आणि मधल्या अरुंद बोळात शिरलेला शत्रू कोंडला जावा, ही योजना ते दोन मुलांना भिंतींमध्ये उभे करून दाखवत. बालेकिल्ल्याची खडी चढण सर्वांना झेपत नसे. मागे राहणारी मंडळी तोवर चूल पेटवून पिठल्याची तयारी करत.

जेवणे उरकली की खजिनदार देवळातच कंदिलाच्या उजेडात वर्षाचा जमाखर्च वाचत. शहरातल्या सभेत मंडपाच्या भाड्यावरून तासभर हुज्जत घालणारे सभासद तेथे अंगावर घोंगडी ओढून ‘‘मंजूर, मंजूर’’ म्हणत, आणि खजिनदारांनी ही वेळ का निवडली असेल, हे सर्वांना ठाऊक असूनही दर वर्षी हिशेब तेथेच मांडला जाई.