कार्ड सरला, आता परत जातलंस कशी?

कॅनडाचं पीआर कार्ड संपलं म्हणजे पीआरही, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्कही, संपली, यावर आमच्या वाडीत एकमत झालं होतं. आईला बघायला येणारा प्रत्येक जण आधी तिच्या पायाची चौकशी करायचा, चहा घ्यायचा आणि मग माझ्याकडे वळायचा. "कार्ड सरला म्हणतंत, मगे आता परत जातलंस कशी?" एकट्या शेजारच्या काकांचं मत वेगळं होतं, आणि तेही तितकंच ठाम. "आवशीक बघूक इलंस मा? मग कोण अडवता तुका?"

गंमत म्हणजे कायद्याच्या जास्त जवळ काकाच होते.

आमची वाडी देवगड तालुक्यात, जामसंड्याहून बरीच आत. डिसेंबरात, कलमं मोहोरायला लागली तेव्हा, आई खळ्यात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. दादाने डोंबिवलीहून येऊन तिला कोल्हापूरला नेलं, मी कॅनडातल्या ब्रॅम्प्टनहून मिळेल त्या विमानाने निघाले. कार्डाची तारीख मला पाठ होती, मार्चअखेरची. मार्चमध्ये आई वॉकर धरून जेमतेम पडवीपर्यंत यायला लागली होती. मी कॅनडात वृद्धाश्रमात काम करते. खुबा बदललेल्या माणसाला कुशीवर कसं वळवायचं, खुर्चीतून कसं उठवायचं, यासाठीच तिथे मला पगार मिळतो. ते सगळं येत असताना आईला शेजारणींच्या भरवशावर टाकून तारीख गाठायला धावणं मला पटलं नाही. कार्ड संपू दिलं.

आता मुद्द्याचं. कॅनडाचं पीआर कार्ड हा तुमच्या दर्जाचा पुरावा असतो, दर्जा नव्हे. सातबाऱ्याचा उतारा जुना झाला म्हणून बाग दुसऱ्याची होत नाही. फक्त कर्ज काढायला गेलात की ताजा उतारा आणा म्हणतात. हे मी काकांना सांगितलं तेव्हा त्यांना एका मिनिटात कळलं. फोनवर आमच्या सुशिक्षित नातेवाइकांना समजवायला मात्र पूर्ण संध्याकाळ गेली.

हे कार्ड आलं २००२ मध्ये, नव्या इमिग्रेशन कायद्याबरोबर. त्याआधी लोक लँडिंगचा, म्हणजे पीआर मिळाल्याचा, कागद घेऊन फिरायचे. ३१ डिसेंबर २००३ पासून विमानाने, बसने, आगगाडीने, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या कुठल्याही वाहनाने कॅनडात परतायचं तर कार्ड लागतं. अडवणूक होते ती इथे. कॅनडाच्या दारात उभ्या असलेल्या पीआर माणसाला, तो पीआर आहे याची अधिकाऱ्याची खात्री पटली की, आत घ्यावंच लागतं. तसं कायद्यातच लिहिलंय. पण त्या दारापर्यंत तुम्हाला नेणारी विमान कंपनी मुंबईतच थांबवते, कारण कागद नसलेला माणूस नेला तर भुर्दंड तिला पडतो. तेव्हा काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. तिच्या स्क्रीनवर कॅनडाकडून होकार आला तरच ती बोर्डिंग पास देणार.

मग माझ्यासारख्यांनी करायचं काय? त्यासाठी पर्मनंट रेसिडेंट ट्रॅव्हल डॉक्युमेंट नावाचा कागद असतो, सगळे पीआरटीडी म्हणतात. पासपोर्टात व्हिसासारखा चिकटवून मिळतो आणि बहुधा एकदाच परत जाण्यापुरता चालतो. फी ५० कॅनेडियन डॉलर. नव्या कार्डासाठी अर्ज करायचा तर तुम्ही स्वतः कॅनडात असावं लागतं, हा अर्ज मात्र बाहेरूनच करायचा असतो.

हे समजेपर्यंत सल्ल्यांचा पाऊस पडून गेला होता. न्यू जर्सीच्या मावसभावाने घाबरवलं, की वर्षभर बाहेर राहिलीस तर सगळं गेलं. ते त्याच्या ग्रीन कार्डाचं गणित. कॅनडात सलग किती दिवस बाहेर होतात यापेक्षा पाच वर्षांत एकूण किती दिवस आत होतात याला महत्त्व: किमान ७३०. नवऱ्याच्या मित्राने सांगितलं, सीमेलगतच्या अमेरिकेतल्या बफेलोला उतर, आम्ही गाडी घेऊन येतो, सीमेवरच्या पीस ब्रिजवरून आत जाऊ. सल्ला चुकीचा नव्हता. स्वतःच्या खासगी गाडीने जमिनीच्या सीमेवर गेलात तर संपलेलं कार्ड आणि ओळखपत्रं दाखवून आत जाता येतं. फक्त बफेलोला उतरायला अमेरिकेचा व्हिसा लागतो, आणि भारतीय पासपोर्टवर तो मिळवणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

सगळ्यात थोर सल्ला एका एजंटाचा. दादाच्या ओळखीतून त्याला फोन केला, तर म्हणाला, मॅडम, पीआर सोडून द्या, मी तुम्हाला दहा वर्षांचा व्हिजिटर व्हिसा काढून देतो, कटकटच नको. वर याचे पैसेही घेणार होता. पीआर असलेल्या माणसाला व्हिजिटर व्हिसा मिळत नाही, म्हणून आधी हक्क लेखी सोडायचा आणि मग पाहुणी म्हणून स्वतःच्याच घरी जायचं. तिथे नोकरी करायची नाही, आणि मुलाच्या शाळेतल्या कागदांवर आई व्हिजिटर. मी फोन ठेवला, तेव्हा आई म्हणाली, "कोण होतो तो? तुझो आवाज चढलो."

अर्ज मी स्वतःच भरला. त्यातला वेळखाऊ भाग म्हणजे गेल्या पाच वर्षांत कॅनडाबाहेर केलेला प्रत्येक प्रवास, गेल्याची आणि आल्याची तारीख, कारण. इथे बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. ती पाच वर्षं कार्डावर छापलेली पाच वर्षं नसतात. पीआर होऊन पाच वर्षं उलटली असतील, तर अर्ज तपासला जातो त्याच्या लगेच मागची पाच वर्षं मोजतात. म्हणजे खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. तुम्ही गावात बसून राहिलात, की पुढून कोरा दिवस आत येतो आणि मागून एखादा कॅनडातला दिवस गळून पडतो. मी नोकरीमुळे वर्षचे वर्ष तिथेच असल्याने माझ्याकडे दिवस भरपूर होते. पुरावा म्हणून टी-४ स्लिपा (मालकाने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद), टॅक्सच्या नोटिसा, पगाराचे कागद, बँकेची स्टेटमेंटं आणि पासपोर्टाचं पान अन् पान. नवऱ्याने ते सगळं तिकडून स्कॅन करून पाठवलं. घरी नेटवर्क फक्त विहिरीजवळच्या फणसाखाली येतं, तेही वारा असेल त्याप्रमाणे. म्हणून अपलोड करायला जामसंड्याला जावं लागलं. सेवा केंद्रातला मुलगा रेशन कार्डात नावं घालण्याची कामं बाजूला ठेवून माझ्या टी-४ च्या पीडीएफ लहान करत बसला होता. पगाराचा आकडा वाचून त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या चपलांकडे बघितलं.

फोटोचं वेगळंच प्रकरण. कॅनडाला चेहरा हनुवटीपासून टाळूपर्यंत ३१ ते ३६ मिलिमीटर लागतो. आमच्या फोटोवाल्याने पट्टी लावून मापलं आणि बोलला, "ताई, तुमचो चेरो बसता, पण क्यास जास्त आसत." केसांना तेल लावून चापून बसवल्यावर बसला.

दिवस भरत नाहीत त्यांनी मात्र काकांच्या भरवशावर राहू नये. पीआरटीडी मागितला की अधिकारी दिवस मोजणारच. कमी भरले तर आईचं आजारपण, लहान मुलं, अशी माणुसकीची कारणं मांडता येतात, त्यांचा विचार करण्याची तरतूद कायद्यात आहे. पण ती कागदांनिशी मांडावी लागतात. डॉक्टरांची पत्रं, ऑपरेशनच्या तारखा, घरात दुसरं कोण करणारं होतं की नाही. नुसतं "आई आजारी होती" चालत नाही. अर्ज नाकारला तर अपील करायला ६० दिवस असतात, आणि ते दिवस तसेच जाऊ दिले तर पीआर खरोखरच संपते. माझे दिवस पुरेसे असूनही मी आईची सगळी फाइल जोडली. अधिकाऱ्याला वाचायला कंटाळा आला असेल तर असो.

उत्तर आलं तेव्हा काढणी चालू होती. अंगण भाताच्या पेंढ्याने आणि पेट्यांनी भरलेलं, आई खुर्चीवर बसून हातातल्या काठीने कुठला आंबा कुठल्या ढिगात ते दाखवत होती. पासपोर्ट घेऊन या, असा मेल. कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या पकडून मुंबईला गेले आणि तो जमा केला. स्टिकर लावून पासपोर्ट परत आल्यावर लगेच तिकीट काढलं नाही. काढणीची शेवटची गाडी वाशीला रवाना झाल्यावर काढलं. दादा म्हणाला, एवढं करून आता कागद हातात आलाय तर नीघ. मी म्हटलं, कागदाला मुदत आहे आणि मी ती वाचलेली आहे.

मुंबईला काउंटरवर संपलेलं कार्ड बाहेर काढलंच नाही. पासपोर्ट स्टिकरच्या पानावर उघडून दिला. मुलीने साहेबाला बोलावलं, साहेबाने स्क्रीन बघितली, मागच्या रांगेत कुणीतरी सुस्कारा टाकला आणि बोर्डिंग पास मिळाला. टोरांटोत अधिकाऱ्याने विचारलं, एवढे महिने कुठे होता. आईचं सांगितलं. त्यापुढचे त्याचे सगळे प्रश्न आमसुलं आणि कुळथाचं पीठ यांबद्दल होते. कुळीथ म्हणजे काय हे समजावण्यात पीआरपेक्षा जास्त वेळ गेला. घरी पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात नव्या कार्डाचा अर्ज टाकला.

आता घरातला खरा वाद पुढचा आहे. नवरा म्हणतो, सिटिझनशिप घेऊन टाक, कार्डाची भानगडच मिटेल. पाच वर्षांत १,०९५ दिवस लागतात, ते माझ्याकडे आहेत. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. भारतीय पासपोर्ट सोडायचा आणि ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं कार्ड, घ्यायचं. ओसीआयवाल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने येऊ शकते, म्हणजे आईच्या बागेतला माझा वाटा कुठे जात नाही, हे मला माहीत आहे. पण शेजारच्या काकांची दोन मुलं मुंबईला, त्यांना बाग नको आहे, आणि ती आमच्या कुंपणाला लागून आहे. काकांनी निघताना सहज विचारलं होतं, "घेतलंस तर बरा, भायल्याक कित्याक देव?" तेव्हापासून ती बाग माझ्या डोक्यात आहे. सिटिझन झाले तर ती मला विकत घेता येणार नाही. नाही झाले, तर पुन्हा कार्ड, पुन्हा ७३० दिवस, आणि आई तर अजून वॉकरवर आहे.

कायद्यात मला एक वाट दिसली आहे. नवरा किंवा बायको कॅनडाचा नागरिक असेल आणि तुम्ही परदेशात त्याच्या सोबत राहत असाल, तर ते दिवसही ७३० मध्ये धरतात. म्हणजे त्याने सिटिझनशिप घ्यायची, मी पीआरच राहायचं, आणि दोघांनी मिळून हंगामाला देवगडला राहायचं. माझे दिवस तिकडे मोजले जातील. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, हे कलम आंबे पेटीत भरायला माणूस मिळावा म्हणून केलेलं नाही. त्याने अर्ज मात्र भरला आहे. माझा कोरा आहे, आणि काकांना मी अजून उत्तर दिलेलं नाही.