सासूसाठी फॉर्ममध्ये रकाना नव्हता

मुलाने कर्णबधिर मुलीशी लग्न ठरवलं तेव्हा लग्नाला सात महिने होते. तेवढ्यात मला तिच्याशी बोलता यायला हवं होतं. मुलगा मध्ये बसून सांगणार आणि मी तिच्याऐवजी त्याच्याकडे बघणार, असं मला नको होतं. त्या सातांपैकी चार महिने एका फॉर्मने खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून आधी तेच लिहिते.

संस्थेचं नाव घेत नाही. तिथे भारतीय सांकेतिक भाषेचा प्राथमिक वर्ग चालतो, शनिवारी. फॉर्मच्या सातव्या रकान्यात छापलं होतं, ‘पाल्याचे नाव, वय व कर्णबधिरत्वाची टक्केवारी’.

खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, “पालक की शिक्षक?”

“होणारी सासू.”

“तसा प्रकार नाही आमच्याकडे.”

रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म अपूर्ण. सुनेचं नाव लिहिलं तर नात्याचा पुरावा हवा, आणि लग्नाआधी तो आणायचा कुठून? शेवटी तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत आणा म्हणाले. ज्या पोरीशी मी अजून एक धड वाक्य बोलले नव्हते, तिच्याकडे तिच्या कानांची टक्केवारी मागायची मला लाज वाटली. तिने दुसऱ्याच दिवशी प्रत पाठवली, एक शब्दही न विचारता. ती घेऊन गेले तर सही करणारे साहेब रजेवर. ते आल्यावर कळलं की पंधरा जण झाल्याशिवाय बॅच सुरू होत नाही, आणि आम्ही अकरा होतो. पैसे मात्र आधीच भरून घेतले. दर सोमवारी मी फोन करायची. “अकराच आहेत, मॅडम.” गणपती आले आणि गेले. नवरात्रात बारावी बाई आली, तर आधीच्या दोघींनी कंटाळून पैसे परत घेतले. दसऱ्यानंतर मी फोन करणं सोडलं. ज्यांच्या घरात लहान मूल कर्णबधिर आहे, त्यांचा असा एकेक महिना गेला तर त्या मुलाचं काय होत असेल, हा विचार मला आजही सुटत नाही.

त्या काळात मोबाइलवर बघून मी मुळाक्षरं पाठ केली होती, एका हाताची. तिला करून दाखवली तर तिने माझा दुसरा हात उचलून पहिल्याच्या जोडीला लावला. मी शिकले होते ती अमेरिकन. आपल्याकडे इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी करतात, पाच स्वर तर एका हाताच्या पाच बोटांच्या टोकांवरच असतात. माझे तीन आठवडे गेले, तुमचे जाऊ नयेत. शोधताना ‘भारतीय’ शब्द घालाच. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश फुकट बघता येतो.

खरं शिक्षण तिनेच सुरू केलं. रविवारी संध्याकाळी तिचे दहा-बारा मित्रमैत्रिणी स्टेशनच्या फलाटावर भेटतात. मुंबईत बधिर माणसांच्या गप्पा लोकलमधल्या दिव्यांगांच्या डब्यातही रंगतात, पण तिथे मला चढता येत नाही. फलाटावर येतं. तिने मला तिथे नेलं आणि ‘आई’ म्हणून ओळख करून दिली.

पहिल्या रविवारी मला काहीही कळलं नाही. माझ्या खुणा त्यांना कळत, त्यांच्या मला नाही. मी हातांकडे बघत होते आणि ते सगळे एकमेकांच्या चेहऱ्याकडे. प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी माझी हनुवटी वर करून ते दाखवून दिलं. भुवया उचलल्या की त्याच वाक्याचा प्रश्न होतो. ‘का’, ‘कुठे’ हे शब्द शेवटी येतात. नकारही शेवटी, आपल्या ‘चहा नको’सारखा. बाई म्हणजे चमकीच्या जागी नाकाला बोट, पुरुष म्हणजे मिशी. काका एकेक खूण सहा-सहा वेळा करत, पण कपाळाला कधी आठी नाही.

आणखी एक आठवलं. ओठ ताणून, ओरडून बोलू नका. आरशासमोर आवाज न काढता पापा, बाबा, मामा म्हणून बघा, तिन्ही सारखेच दिसतात. पाठीमागे खिडकी किंवा ट्यूब ठेवून उभं राहू नका, तुमचा चेहरा अंधारात जातो. दोघं बोलत असताना मधून जायचं असेल तर थांबून माफी मागू नका, सरळ निघून जा. आणि ‘मूकबधिर’ म्हणू नका. त्या फलाटावर मुकं कुणीच नाही.

लग्नात मंगलाष्टकं सुरू असताना मी तिला दिसेन अशी उजेडात उभी राहिले आणि कोण गातंय, काय गातंय ते सांगत होते. निम्मं चुकलं असेल. ती शेवटपर्यंत माझ्याकडेच बघत होती. अक्षता पडल्या तेव्हा फलाटावरच्या सगळ्यांनी हात उंच करून हलवले, आणि मुलाच्या ऑफिसातल्या लोकांनीही टाळ्या थांबवून तसेच हलवले.

जानेवारीत संस्थेचा फोन आला, पंधरा झाले म्हणून. मी गेले. सातव्या रकान्यात ‘कुटुंबीय अथवा इतर’ असं घालावं, असा अर्ज लिहून दिला आणि पोच घेतली. उत्तर अजून नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे, या वेळी सुनेला घेऊन.