थिनर लागलेला कोपरा

सांगलीत शंभर फुटी रोडला आमचं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेट, स्टिकर, ॲक्रिलिकचे बोर्ड ही रोजची कामं. गेल्या मार्चमध्ये सकाळी सकाळी टोइंगच्या गाडीवर चढवून एक जुनी मारुती एस्टीम दारात आली, तासगावहून. ऐन बेदाण्याच्या हंगामात शेड सोडून मालक स्वतः आला होता, म्हणजे काम नडीचं होतं.

गाडी ऑटोक्रॉसच्या, म्हणजे मोकळ्या मैदानात आखलेल्या ट्रॅकवरच्या शर्यतीसाठी तयार केलेली. रस्त्यावर ती चालवतच नाहीत. वजन कमी व्हावं म्हणून पुढची काच तेवढी ठेवून बाकी सगळीकडे तीन एमएमचं पॉलीकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं आरपार दिसणारं कडक प्लास्टिक, बोल्टनं बसवलं होतं. काचेच्या निम्म्याहून हलकं आणि दगड लागला तरी न फुटणारं. हे सगळं त्याच्या थोरल्या भावानं केलं. पुढं भाऊ नोकरीसाठी परदेशी गेला, गाडी बेदाण्याच्या शेडशेजारी उन्हात पडून राहिली. शीटवर कंपनीतून येते ती संरक्षक फिल्म निघायची राहिली ती राहिलीच. आता भाऊ सुट्टीला येणार होता आणि त्याला शर्यतीत उतरायचं होतं.

बाहेरच्या बाजूला फिल्मचा पार पापड झाला होता. नख लावलं की तेवढ्यापुरता तुकडा मोडायचा, खाली चिकट थर तसाच.

"ताई, एका गॅरेजमध्ये मागच्या काचेला थिनर लावून बघितलं त्यांनी," मालक म्हणाला. मी मागं जाऊन पाहिलं. डाव्या कोपऱ्यात शीट दुधाळ झाली होती आणि बोल्टच्या भोकापासून बारीक चिरा पसरल्या होत्या. माझ्या पोटात गोळाच आला. काचेवर थिनर चालतो, कारण काचेला त्याचं काहीच होत नाही. पॉलीकार्बोनेटमध्ये मात्र थिनर आणि ॲसिटोन आत शिरतात, आणि जिथं शीट आधीच ताणात असते, म्हणजे बोल्टजवळ किंवा वाकवलेल्या जागी, तिथं ती तडकते. पेट्रोलही लावायचं नाही. काच पुसायच्या लिक्विडमध्ये अमोनिया असेल तर तेसुद्धा नको.

गाडी सावलीत घेतली. आधी भरपूर पाणी सोडून साबणाच्या पाण्यानं धुतली. तासगावची धूळ शीटवर बसलेली. कोरड्या फडक्यानं एक हात फिरवला असता तरी ओरखडे उठले असते. दुकानातला पोरगा सवयीनं ब्लेड घेऊन आला. ते मी त्याच्या हातातून काढून घेतलं. स्टिकर काढताना काचेवर आम्ही ब्लेड मारतो, इथं ते चालणार नव्हतं.

सुरुवात आतल्या बाजूनं केली. दाराच्या शीटचा कोपरा हेअर ड्रायरनं कोमट केला, नखानं टोक उचललं आणि फिल्म तिच्याच अंगावर उलटी दुमडून सावकाश ओढत गेले. अख्खी फिल्म एका तुकड्यात निघाली! मालक बघतच राहिला. त्याचं कारण शीटमध्येच आहे. बाहेरच्या अंगाला अतिनील किरण अडवणारा थर असतो, त्यामुळं आतल्या फिल्मपर्यंत उन्हाचा तो मारा पोचलाच नव्हता. उन्हाचा सगळा तडाखा बाहेरच्या फिल्मनं खाल्ला होता.

बाहेरच्या बाजूनं मात्र आमचा घाम काढला. हीट गन दुकानात आहे, पण तिची हवा तीनशे अंशांच्या वर जाते आणि पॉलीकार्बोनेट दीडशेच्या आसपास मऊ पडतं. म्हणून ड्रायरच, आणि तोही सतत हलता. मागं तळहात ठेवायचा. हाताला सोसवेना की थांबायचं. गरम पाण्यात पिळलेले टॉवेल शीटवर पसरून वर प्लास्टिकचा कागद टाकला, म्हणजे ऊब टिकते आणि गोंद सैल पडतो. मग कोरडं करून मोडक्या फिल्मवर रुंद पॅकिंग टेप घट्ट दाबून चिकटवली आणि दोन्ही मिळून ओढली. टेपच्या पाठीवर तुकडे बऱ्यापैकी मोठे येऊ लागले. नुसत्या नखानं हे काम संध्याकाळपर्यंतही झालं नसतं.

राहिला गोंद. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. तेवढंच पाणी घालून ते आधी रबरपट्टीखाली झाकलेल्या जागी लावून पाहिलं, शीटला काही झालं नाही. मग जुन्या सुती साडीच्या धुतलेल्या फडक्यावर घेऊन थोडाथोडा भाग पुसला आणि लगेच साबणाच्या पाण्यानं धुतला. फवारा मारायचा नाही, बोल्टच्या भोकात उतरू द्यायचं नाही. फडकं गोंदानं भरलं की बदलायचं, नाहीतर तोच गोंद पुढं पसरत जातो. दुपारचं जेवण बाजूलाच राहिलं, पण चारही दारांतून समोरचा रस्ता स्वच्छ दिसायला लागला तेव्हा मला खरंच फार बरं वाटलं.

मागच्या शीटवर अल्कोहोल लावायला माझा हात धजला नाही. तिथं टेप, कोमट पाणी आणि साबण एवढंच केलं. फिल्म निघाली, चिरा राहिल्या.

"ताई, पॉलिश करून जाईल का हे?"

"नाही जाणार. वरची चमक येईल, पण चीर आतपर्यंत आहे. शर्यतीत गाडी आदळली की याच भोकापासून शीट फाटेल. भाऊ आत बसणार आहेत ना तुमचे?"

तो एवढंच म्हणाला, "मग बदलायचीच."

शीट मी मागवून दिली. जुन्यावरून माप घेताना आणखी एक गोष्ट दिसली. भोकं बोल्टच्या मापाची अगदी फिट्ट पाडलेली होती. उन्हात पॉलीकार्बोनेट काचेपेक्षा कितीतरी जास्त वाढतं, त्याला सरकायला जागा लागते. नव्या शीटला भोकं मोठी पाडली, खाली रबरी वॉशर दिले आणि बोल्ट आवळून ठार करू नका म्हणून सांगितलं. फिल्मवर कुठली बाजू बाहेर ते छापलेलं असतं. फिल्म काढल्यावर ते कळायची सोय राहत नाही, म्हणून कडेला मार्करनं खूण केली. कडेची फिल्म बसवण्याआधी सोलून दिली आणि मधली बसवली त्याच दिवशी काढायला लावली.

थिनर लागलेला तुकडा मी दुकानात ठेवून घेतला आहे. पॉलीकार्बोनेटचं काम घेऊन कुणी आलं की आधी तो हातात देते.