भांडवली मूल्यावरची हरकत आणि सुनावणी: माझा अनुभव

‘बिल फार आलंय’ एवढ्यावर मालमत्ता कराच्या सुनावणीत काहीच हलत नाही. मुंबईत २०१० पासून मालमत्ता कर भांडवली मूल्यावर बसतो आणि ते मूल्य म्हणजे सरळ गुणाकार आहे: रेडी रेकनरचा (सरकारनं भागवार ठरवलेल्या किमतींच्या तक्त्याचा) दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार, इमारतीचं वय, मजला. सोसायटीच्या वतीनं हरकत घेताना मी यातला एकेक आकडा वेगळा धरला. दर किती असावा हे समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात नसतं. तो दर बरोबर उपविभागाचा लावलाय का, हे मात्र सीटीएस नंबरवरून (नगर भूमापन क्रमांकावरून) ताडून पाहता येतं.

आधी वॉर्ड ऑफिसात करनिर्धारण पुस्तकातला आपला उतारा पाहावा. मालकाला तो पाहण्याचा हक्क आहे, त्याला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ क्षेत्रफळात. करारनाम्यात बिल्ट-अप (भिंतींसकट) लिहिलेलं असतं आणि तेच कार्पेट (भिंतींच्या आतलं) म्हणून चढतं. ४९० चौरस फूट कार्पेट म्हणजे ४५.५२ चौरस मीटर. बिल्ट-अपसाठी त्यावर वीस टक्के चढवले की ५४.६३. राहत्या घराला ४६.४५ चौरस मीटरपर्यंत (५०० चौरस फूट) १ जानेवारी २०२२ पासून करमाफी आहे. म्हणजे इथे वीस टक्के जादा कर लागून भागत नाही, सगळी माफीच हातची जाते. यावर उपाय एकच, मंजूर नकाशा आणि आर्किटेक्टचा मोजणी दाखला. करारनामा एकटा नेऊ नका.

वापराचंही तसंच. तळमजल्यावरचा दवाखाना कधीच बंद झालेला असतो, नोंद मात्र व्यापारीच राहते. घरगुती दराचं वीजबिल जोडा आणि जागेची पाहणी करा असं लेखी मागा. वयासाठी ओसी (इमारत वापरात घ्यायचा महापालिकेचा दाखला), जुन्या इमारतीची ओसी सापडत नसेल तर पहिल्या करआकारणीची नोंद.

हरकत लेखीच लागते, महापालिकेच्या नोटिशीतल्या मुदतीत, कारणांसह. बिल अख्ख्या इमारतीचं एकत्र येत असेल तर सोसायटीच्या लेटरहेडवर, कमिटीच्या ठरावासह द्या. पोच घेताना आवक क्रमांक आणि शिक्का दोन्ही पाहा. सुनावणीला गेलं नाही तर निर्णय तुमच्या गैरहजेरीतही होतो. मी एक पानाचा तक्ता नेला होता: नोंदीतला आकडा, खरा आकडा, पुरावा. कायद्याची कलमं वाचून दाखवण्यापेक्षा याचा उपयोग जास्त.

हरकत दिली म्हणून बिल थांबत नाही. थकलं की महिन्याला दोन टक्के दंड चढतो, म्हणून निषेध नोंदवून भरून टाका. निकाल लेखी मागा. तो पटला नाही तर १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम २१७ खाली लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉजेस कोर्टात) अपील करता येतं, पण आधी हरकत घेतलेली असली तरच.